काळ्या दगडाची पूड आणि कार्बन डायऑक्साइड : गच्चीवरच्या चार नळ्यांच्या नोंदी

पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ते पाणी बेसाल्टमधून, म्हणजे काळ्या दगडातून, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम ओढून काढतं आणि वायू बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर निघून जातो. ही एकच क्रिया गच्चीवर, मोजता येईल इतक्या वेगाने घडवायची, एवढंच काम. दगड दख्खनचा, पाणी पावसाचं, जून ते सप्टेंबर. ज्यांना थेट चालणारी मांडणी हवी त्यांनी २१ जुलैच्या नोंदीवर जावं. त्याआधीचे सात आठवडे बहुतेक चुकांचे आहेत, पण तशा मांडणीला हात घालणारा प्रत्येक जण त्याच चुका करणार, म्हणून त्या गाळल्या नाहीत.

२ जून : नळ्या

ड्रेनेजचा ११० मिमी पीव्हीसी पाइप, ३ मीटरचा एक नग. त्यातून ६० सेंमीचे चार तुकडे. खाली एंड कॅप, कॅपला भोक पाडून प्लास्टिकचा अर्धा इंची नळ. पितळी नळ घेऊ नका, आम्लधर्मी पाण्यात तांबं-जस्त सुटतं आणि आकडे बिघडतात. तळाला काचेच्या गोट्यांचे दोन थर, त्यावर नायलॉनची मच्छरदाणी दुहेरी करून. खडी वापरायचा मोह होतो, पण खडी म्हणजे पुन्हा तोच दगड. वरून पाणी थेंबाथेंबाने सोडायला सलाइनचे सेट, प्रत्येकी ४० रुपये. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला ७ थेंब ठेवले की दिवसाला अर्धा लिटर होतं.

पाइप, कॅप, नळ मिळून १,८५० रुपये. पीएच पेन १,४००, ईसी (पाण्याची वीजवाहकता) मोजायचा पेन ४५०.

नळ्यांची नावं : अ (वाळू, वायू भरलेलं पाणी, तुलनेसाठी), ब (पूड, साधं पावसाचं पाणी), क (पूड, वायू भरलेलं पाणी), ड (राखीव).

५ जून : तुंबली

खडी क्रशरवरची डस्ट ३० किलो आणली आणि जशीच्या तशी ब, क, ड मध्ये ५-५ किलो भरली. चार तासांत क आणि ड मधून एक थेंब आला नाही. ब मधून आलं ते पाइपच्या भिंतीला धरून, पुडीला शिवलंसुद्धा नाही.

कारण उघड आहे. मूठभर डस्ट पाण्याच्या बरणीत घालून हलवली तर जाड भाग दहा सेकंदांत बसतो, आणि वरचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही राखाडी असतं. ही बारीक पिठी सगळी भोकं बुजवते. नळ्या उपसल्या. ओली डस्ट पाइपमधून काढणं हे भरण्याच्या तिप्पट काम आहे.

७ जून : चाळणं, धुणं, लोखंड

दोन चाळण्या घेतल्या, १.१८ मिमी आणि १५० मायक्रॉन, २,२०० रुपये. कोरडं चाळू नका. धूळ नाकात जाते आणि बारीक चाळणी पाच मिनिटांत बुजते. बादलीत ५ किलो डस्ट, वर पाणी, हाताने ढवळायची, १५ सेकंद थांबायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं. आठ-नऊ वेळा असं केल्यावर ओलंच चाळायचं. धुणी बोअरच्या पाण्याने केली तरी शेवटची दोन बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरने करावी लागतात, नाहीतर बोअरचा जडपणा नळीत जातो. ३० किलोचे १६ किलो उरले. दीड दिवस गेला.

क्रशरच्या जबड्यांचं पोलाद झिजून डस्टमध्ये येतं. ते काढायला लोहचुंबक फिरवलं तर चुंबकाला अर्धी पूडच चिकटली. बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज असतं, त्यामुळे चुंबकाने पोलाद निवडता येत नाही. ओळखायची युक्ती एकच : चुंबकाला लागलेला कण लोखंडी पट्टीवर ठेवून हातोडीने ठोकायचा. दगड असेल तर पीठ होतं, पोलाद असेल तर चपटं होतं. १०० कणांत ४ चपटे झाले. काढणं अशक्य म्हणून तसंच ठेवलं. त्याचा त्रास पुढे ऑगस्टात दिसला.

१२ जून : पाणी

पहिल्या दमदार पावसाचं पाणी गच्चीच्या पन्हाळातून ५० लिटर भरलं. ईसी १४०, पीएच ८.१. पावसाच्या पाण्याची ईसी एवढी असूच शकत नाही. सिमेंटचा स्लॅब पावसात चुना सोडतो आणि पन्हाळात तो आपल्याआधी पोचलेला असतो. सगळं पाणी ओतून दिलं.

आता दोन खांबांमध्ये कोरा प्लास्टिक कागद ताणून मध्ये भोक, खाली कॅन. पावसाची पहिली पंधरा मिनिटं सोडून द्यायची. ईसी १२, पीएच ५.७. असं पाणी हवं. इतक्या कोऱ्या पाण्यात पीएच पेन तीन-चार मिनिटं भटकत राहतो. घाईत पहिला आकडा लिहू नका.

१५ जून : वायू

आधी दुकानातलं सोडावॉटर वापरून पाहिलं. १० मिनिटांत चूक कळली : बाटलीवरच घटकांमध्ये सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं होतं. जे मोजायचं तेच आधीपासून पाण्यात. बऱ्याच सोडावॉटरमध्ये ते असतं, लेबल वाचूनच घ्या.

मग साखर-यीस्ट. २ लिटरच्या बाटलीत दीड लिटर कोमट पाणी, २०० ग्रॅम साखर, अर्धा चमचा ड्राय यीस्ट. साखरेच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आठवड्याला १०० ग्रॅम. पहिल्याच रात्री फेस नळीतून पाण्याच्या कॅनमध्ये उतरला आणि २० लिटर पाण्याला ताडीचा वास आला. बाटली तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरायची नाही आणि मध्ये एक रिकामी बाटली व एक पाण्याची बाटली लावायची. वायू पाण्यातून बुडबुडत आला की फेस आणि वास मागेच राहतो.

कॅन वायूने भरून, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवला की पीएच ४ च्या जरा खाली उतरतो. नळीपर्यंत थेंब पडता पडता थोडा वायू उडतो, वरच्या थरात ४.१ मिळतो. नळीला वरूनही कॅप लावली आणि मोकळ्या जागेत वायूची बारीक नळी सोडली. हे न केल्यास निम्मा वायू गच्चीवर जातो.

१८ जून : आम्ल

अल्कलिनिटी (पाणी किती आम्ल पचवतं ते, म्हणजे इथे बायकार्बोनेटचं माप) मोजायला ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. १ नॉर्मलचं २० मिली पातळ करून १ लिटर. नेमकी ताकद तपासायला सोडियम कार्बोनेट लागतं, लिटरला १.०६ ग्रॅम. आधी धुण्याचा सोडा वापरला, आकडा निम्म्याहून कमी आला, कारण त्याच्या स्फटिकात भरपूर पाणी असतं. नंतर खायचा सोडा ओव्हनमध्ये २५० अंशांवर तासभर भाजला. वजन ३७ टक्के घटलं की समजायचं, निव्वळ कार्बोनेट उरलं.

५० मिली नमुना, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब, पिवळ्याचा नारिंगी-गुलाबी होईपर्यंत आम्ल. लागलेले मिली गुणिले २० म्हणजे अल्कलिनिटी, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मिलीग्रॅम प्रति लिटर. खालचे अल्कलिनिटीचे सगळे आकडे याच मापात आहेत.

२२ जून : सुरुवात

अ मध्ये चाळलेली नदीची वाळू, ब आणि क मध्ये धुतलेली पूड, प्रत्येकी ५ किलो. पुडीची उंची ४० सेंमी भरली. दिवसाला अर्धा लिटर.

२९ जून : पहिले आकडे

ब : पीएच ८.२, अल्कलिनिटी ५८. क : पीएच ६.३, अल्कलिनिटी ५६०, ईसी ९६०.

५६० फारच देखणा आकडा आहे आणि तिथेच संशय यायला हवा होता. आला नाही. आला तो अ मुळे : नुसत्या वाळूतून अल्कलिनिटी ३९०! दख्खनच्या नद्यांची वाळू म्हणजे गारगोटी नव्हे, ती बेसाल्टचीच रेती, वर शिंपल्यांचे तुकडे. भिंगाखाली दहा-बारा कणांमागे एक शिंपल्याचा तुकडा सापडला. तुलनेची नळी म्हणून तिचा काही उपयोग नाही.

३ जुलै : वाळू बदलली

पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांत घालतात ती पांढरी सिलिका फिल्टर सँड आणली, १५० रुपये. दोन दिवसांनी अ मधून पीएच ४.२, अल्कलिनिटी ४. आता तुलना खरी.

६ जुलै : दगड नव्हे, कॅल्साइट

सिलिका मोजायचा मॉलिब्डेट किट आला, २,३०० रुपये. या प्रकल्पात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच. क च्या पाण्यात सिलिका फक्त २२ मिलीग्रॅम प्रति लिटर. ब मध्ये ९.

हिशोब असा : अल्कलिनिटीला ५० ने भागा, सिलिकाला ६० ने भागा, मग पहिल्याला दुसऱ्याने भागा. बेसाल्ट सगळाच्या सगळा समप्रमाणात विरघळला तर उत्तर ०.९ च्या आसपास येतं. ताज्या पुडीतून कॅल्शियम-मॅग्नेशियम आधी सुटतात म्हणून सुरुवातीला २ ते ४ चालेल. क चं उत्तर आलं ३०. एवढं कॅल्शियम सिलिकाला सोबत न घेता आलं, म्हणजे ते सिलिकेटमधून, बेसाल्टच्या मुख्य खनिजांतून, आलेलंच नाही.

धुतलेल्या पुडीवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. बहुतेक काळे कण गप्प, मधूनच एखादा दुधी कण फसफसतो. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांना वरच्या भागात बुडबुड्यांची भोकं असतात आणि ती नंतर कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) आणि झिओलाइट या खनिजांनी भरली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले झिओलाइट आणि निळा कॅव्हन्साइट संग्राहक जपून ठेवतात, ते याच पोकळ्यांतले. क्रशरला मात्र घट्ट दगड आणि भोकांचा दगड सारखाच.

किती कॅल्साइट? १०० ग्रॅम कोरडी पूड, १०० मिली सौम्य आम्ल, सोनाराच्या खिसाकाट्यावर (३५० रुपये) वजनघट ०.७९ ग्रॅम. नुसत्या आम्लाची बाष्पघट ०.०९. वायू ०.७० ग्रॅम, म्हणजे कॅल्साइट १.६ ग्रॅम. ५ किलोच्या नळीत ८० ग्रॅम. क मधून दिवसाला ०.२८ ग्रॅम जातोय, म्हणजे तो संपायला नऊ महिने लागणार. थांबून संपेल असं समजू नका.

कॅल्साइट विरघळला तरी बायकार्बोनेट होतं, मग हरकत काय? हरकत अशी की त्यातला निम्मा कार्बन दगडातूनच आलेला असतो, आणि पुढे कुठेही चुना पुन्हा साकळला की हवेतून घेतलेला निम्मा हवेत परत. सिलिकेटमधून आलेल्या कॅल्शियमचं तसं नाही. तोही चुना झाला तरी निम्मा वायू दगडात अडकून राहतो.

९ जुलै : बाटलीतली पांढरी साय

क चा एक नमुना झाकण न लावता दोन दिवस राहिला. पाण्यावर पातळ, काचेसारखी साय धरली, बोटाने ढोसल्यावर तिचे कपचे होऊन बुडाले. तळाला पांढरं पुटं, गीझरच्या कॉइलवर धरतं तसं. लिंबाच्या थेंबाने फसफसलं. अल्कलिनिटी ५६० वरून ४१०, पीएच ६.३ वरून ८.१.

दोन गोष्टी. पीएच नळाखाली, भरल्या भरल्या मोजायचा, अर्ध्या तासाने मोजलेला पीएच हा वायू उडून गेल्यानंतरचा असतो. आणि अल्कलिनिटी त्याच दिवशी, बाटली काठोकाठ भरून. एरवी ही साय म्हणजे काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडेच, फक्त तिथे पाणी उन्हाने आटतं आणि काम शेकडो-हजारो वर्षं चालतं.

१२ ते २० जुलै : व्हिनेगरचा नाद

कॅल्साइट व्हिनेगरने आधीच धुऊन टाकावा म्हणून ड साठी ५ किलो पूड घेतली. हिशोबाने ४ टक्क्यांचं २.४ लिटर पुरतं, ३ लिटर घातलं, रात्रभर ठेवलं, सहा वेळा धुतलं, भरलं. १८ तारखेला अल्कलिनिटी १९०, सिलिका १४, भागाकार १६.

टायट्रेशन (आम्ल थेंबाथेंबाने घालून मोजणं) पीएच पेन बुडवून सावकाश केल्यावर उलगडलं. बायकार्बोनेटचं पाणी ५ च्या खाली झटकन उतरतं, हे पाणी ५ ते ४.५ मध्ये रेंगाळत बसलं. व्हिनेगरमधून राहिलेलं अॅसिटेट आम्ल खातं आणि अल्कलिनिटी असल्याचं भासवतं. वर चार दिवसांत नळीतून बुळबुळीत तार निघू लागली, अॅसिटेट हे जिवाणूंचं खाणं. आणि व्हिनेगर कणांचा पृष्ठभागही खरवडतं, तेव्हा नंतर मोजतो ती झीज ताज्या दगडाची नसतेच. नळी उपसून फेकली. १८० रुपये आणि नऊ दिवस गेले. हायड्रोक्लोरिकने धुतल्यास पृष्ठभाग याहून वाईट होतो, तो मार्ग घेतला नाही.

२१ जुलै : दगडच निवडून घेणं

धुऊन कॅल्साइट काढण्यापेक्षा कॅल्साइट नसलेला दगड घ्यावा, हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. खाणीच्या ढिगातून घट्ट थराचा, भोकं नसलेला, वाजवल्यावर खणखणणारा दगड हाताने निवडला, ७ किलो. प्रत्येक तुकडा फोडून ताज्या फुटीवर आम्लाचा थेंब. जरा फेस आला तरी बाद. ५ किलो उरला.

दळायचा कशात? लोखंडी खलात पुन्हा लोखंड. मिक्सरची पाती एका मिनिटात संपतील. उत्तर स्वयंपाकघरातलं निघालं : पाटा-वरवंटा. तो बेसाल्टचाच असतो, त्यामुळे झिजला तरी दगडात दगडच मिसळतो. नवा, टाकी लावलेला घ्या, १,२०० रुपये. वापरलेल्या पाट्याच्या टाच्यांत मीठ आणि वाटणाचा तेलकटपणा मुरलेला असतो. पाट्यालाही आम्लाचा थेंब लावून बघा.

हातोडीने हरभऱ्याएवढे तुकडे, ते धुऊन पाट्यावर पाणी घालून वाटायचे. कोरडं वाटू नका, डोळ्यांना चष्मा हवाच. तासाला २०० ग्रॅम होतं. त्यातलं १५० मायक्रॉन ते १.१८ मिमी या मापात बसणारं साधारण ६० टक्के. २ किलो मिळवायला १७ तास, सहा दिवसांत विभागून. ५ किलोचा हट्ट सोडला.

२ ऑगस्ट : ड पुन्हा सुरू

२ किलो पूड, उंची १६ सेंमी, दिवसाला २५० मिली, वायूचं पाणी. क तशीच चालू.

९ ऑगस्ट

ड : अल्कलिनिटी १८०, सिलिका ४१. खूश होऊ नका. दळताना कणांना चिकटलेली पिठी आणि तुटलेल्या कडा आधी विरघळतात. पहिला आठवडा-दहा दिवस हिशोबात धरायचे नाहीत.

१६ ऑगस्ट : खरा दगड बोलायला लागला

ड : पीएच ५.२, अल्कलिनिटी ७०, सिलिका ३०. भागाकार २.८. अ : अल्कलिनिटी ४, सिलिका ३.

पीएचकडे बघा. कॅल्साइटच्या नळीने पाणी ६.३ पर्यंत आणलं, सिलिकेटच्या नळीतून ते ५.२ वरच बाहेर पडलं. वायू शिल्लक आहे, दगड शिल्लक आहे, क्रियेला वेळ पुरत नाही.

सिलिकाचे नमुने प्लास्टिकच्या बाटलीतच ठेवा, काच स्वतः सिलिका सोडते. किट १० पर्यंतच वाचतो, म्हणून ड चं पाणी पाचपट पातळ करायचं. त्यासाठीचं पाणीही एकदा किटने तपासून घ्या.

२० ऑगस्ट : नारिंगी गाळ

क चं पाणी नळातून स्वच्छ येतं, उघड्या ग्लासात दोन तासांत चहाच्या पाण्यासारखं होतं आणि संध्याकाळी तळाला नारिंगी लोकर. ड च्या ग्लासात तेच, पण फिकं आणि दुसऱ्या दिवशी.

नळीत वायू भरलेला, ऑक्सिजन कमी, त्यामुळे लोह विरघळलेल्या रूपात उतरतं. बाहेर आल्यावर वायू उडतो, पीएच चढतो आणि हवेतला ऑक्सिजन लोहाला गंज करतो. वातावरणाशी दगडाचा हा दुसरा व्यवहार, यात ऑक्सिजन खर्ची पडतो. क मध्ये रंग जास्त, कारण तिथे क्रशरचं पोलादही आहे (७ जूनचे चार चपटे कण). ड मधला फिका रंग मात्र पायरॉक्सीन या बेसाल्टमधल्या लोहयुक्त खनिजाचा स्वतःचा. हे पुरेसं लांबवलं, सिलिका आणि चुना पूर्ण धुऊन गेला की लोह-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा जांभा उरतो, पाचगणीच्या टेबललँडचा माथा त्याचाच.

व्यावहारिक अडचण : पिवळसर पाण्यात सिलिका किट जास्त आकडा दाखवतो आणि मिथाइल ऑरेंजचा रंगबदल दिसत नाही. नमुना पहिल्या दहा मिनिटांत तपासा.

३० ऑगस्ट : हिशोब आणि कोरड्या बरण्या

ड मध्ये दिवसाला ०.३५ मिलीमोल बायकार्बोनेट, म्हणजे १५ मिलीग्रॅम कार्बन डायऑक्साइड. यीस्टची बाटली आठवड्याला १०० ग्रॅम वायू देते, त्यातला दगडाने धरला ०.१ ग्रॅम.

वरची मर्यादा : १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड, ६ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड, २.३ टक्के सोडियम ऑक्साइड असलेला बेसाल्ट पूर्ण विरघळला तर किलोला ३२० ग्रॅम वायू बायकार्बोनेट होतो. समुद्रात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा चुना बनला की साधारण निम्मा परत हवेत. ड च्या २ किलोला आजच्या वेगाने ११० वर्षांहून जास्त लागतील, आणि वेग तर उतरतोय. शेतात बेसाल्टची पूड टाकून हवेतला कार्बन डायऑक्साइड धरल्याचे टनावारी आकडे सांगणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा : सिलिका मोजली का?

१ ऑगस्टला तीन बरण्यांत पाट्यावरचीच २००-२०० ग्रॅम पूड ठेवली होती : एक भट्टीत सुकवून हवेत, एक सुकवून वायूत, एक १२ टक्के ओलसर ठेवून वायूत. आज प्रत्येकी अर्ध्या लिटर डिस्टिल्ड पाण्याने धुतल्या. अल्कलिनिटी अनुक्रमे २३, २४, ९६. कोरड्या दगडावर नुसता वायू महिनाभर बसला, काही झालं नाही. शुक्राच्या पृष्ठभागावर ९२ पट दाबाचा कार्बन डायऑक्साइड, तापमान ४६५ अंश, पण पाणी नाही, त्यामुळे हा बायकार्बोनेटचा रस्ता तिथे बंदच.

१३ सप्टेंबर : थेंब निम्मे केले

क आणि ड दोन्हींचा वेग आठवडाभर निम्मा ठेवला. क : ५६० होती, ५७० झाली. ड : ५८ होती, ९६ झाली.

किट नसेल तर कॅल्साइट ओळखायची ही बिनखर्चाची चाचणी आहे. क मधलं पाणी कॅल्साइटने आधीच तृप्त झालेलं, जास्त वेळ दिला तरी आणखी घेत नाही. ड मध्ये सिलिकेट सावकाश सुटतं, वेळ वाढवला की आकडा वाढतो. वेग बदलूनही अल्कलिनिटी हलली नाही तर पुडीत कॅल्साइट आहे असं धरून चाला.

याच आठवड्यात ब च्या नळाशी शेवाळ आलं. पाइपला काळं प्लास्टिक गुंडाळायला हवं होतं. ब चे सप्टेंबरचे आकडे सोडून दिले.

२७ सप्टेंबर : नळ्या उघडल्या

पुन्हा मूळ वेगावर आणलेल्या ड चा शेवटचा आकडा : अल्कलिनिटी ४६, सिलिका २५, भागाकार २.२. ५६ दिवसांत सगळं मिळून सुमारे १ ग्रॅम दगड गेला, २ किलोतला ०.०५ टक्का. वजन करून हे कधीच कळलं नसतं. पाणी मोजलं म्हणून कळलं. भिंगाखाली कणांच्या कडा आहेत तशाच धारदार, फक्त वरच्या दोन सेंमीत काही काळ्या कणांवर तांबूस छटा.

एकूण खर्च सव्वाबारा हजार, त्यात पाटा, चाळण्या आणि किट मिळून ५,७०० पुढेही वापरता येतील.

क आडवी ठेवून पाइप उभा चिरला. हिशोब सांगत होता की ९७ दिवसांत दिवसाला ०.२८ ग्रॅम म्हणजे ८० पैकी साधारण २७ ग्रॅम कॅल्साइट गेला असणार (थेंब निम्मे केले त्या आठवड्याचा ग्रॅमभर कमी धरा). पाणी वरून तृप्त होत उतरतं, तेव्हा वरचा तिसरा हिस्सा रिकामा हवा, ४० पैकी १३ सेंमी. वरून दर सेंमीवर आम्लाचा थेंब टाकत आलो. बारा सेंमीपर्यंत सगळं गप्प. तेराव्यावर दोन बुडबुडे. चौदाव्यावर दुधी कण फसफसले आणि तिथून खाली तळापर्यंत फेसच फेस.